क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजी फेलोशिप (अमेरिका): दोन वर्षांत नेमकं काय शिकतात आणि कुठे अडतं

मेघना_क

अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्ट कसा तयार होतो, यावर इथे अधूनमधून विचारणा होते आणि उत्तरं चार धाग्यांत विखुरतात. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

आधी कामाबद्दल. न्यूरॉलॉजिस्ट मेंदूचा आजार शोधतो, रेडिऑलॉजिस्ट स्कॅन वाचतो. न्यूरोसायकॉलॉजिस्ट त्या मेंदूनं माणसाला आज काय जमतंय आणि काय जमेनासं झालंय ते मोजतो: स्मृती, भाषा, लक्ष, वेग, नियोजन, अवकाशाचं भान, मन:स्थिती. मग त्या मोजमापावरून पुढच्या निर्णयाला मदत करतो. ऑपरेशन करावं का, कामावर परत पाठवावं का, गाडी चालवू द्यावी का, शाळेत कोणती सवलत हवी, असे ते निर्णय असतात.

मार्ग असा: सायकॉलॉजीतली डॉक्टरेट (पीएचडी किंवा सायडी, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णकामावर भर देणारी डॉक्टरेट), त्यातच एक वर्षाची इंटर्नशिप, आणि नंतर दोन वर्षांची फेलोशिप, म्हणजे देखरेखीखालचं विशेष प्रशिक्षण. दोन वर्षांचा दंडक १९९७ च्या ह्यूस्टन परिषदेनं घालून दिला. त्याच्या आदल्या वर्षी, १९९६ मध्ये, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं या शाखेला स्वतंत्र स्पेशालिटी म्हणून मान्यता दिली होती. २०२२ मध्ये मिनेसोटात परिषद होऊन त्या मार्गदर्शक तत्त्वांची फेरमांडणी झाली. सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायच्या लायसन्ससाठी ईपीपीपी ही २२५ प्रश्नांची परीक्षा लागते. त्यातले १७५ प्रश्न गुणांत धरतात. बोर्ड सर्टिफिकेशन, म्हणजे या शाखेतलं तज्ज्ञतेचं प्रमाणपत्र, ही त्यापुढची वेगळी पायरी.

फेलोशिपच्या जागा बऱ्याच ठिकाणी मॅच पद्धतीनं भरतात. उमेदवार आपल्या पसंतीची क्रमवार यादी देतो, हॉस्पिटलं आपली देतात आणि संगणक जोड्या लावतो. यादी स्वतःच्या खऱ्या पसंतीनंच लावावी. "मला कुठे घेतील" असा अंदाज बांधून क्रम बदलला तर नुकसान उमेदवाराचंच होतं.

प्रसन्न_जो

चांगला धागा. इंटर्नशिपमध्ये चाचण्या घेता येतातच, मग फेलोशिपची आणखी दोन वर्षं कशासाठी? आठवड्याचा साधारण आराखडा कुणी देईल का?

वसुधा

चाचणी घेणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. बऱ्याच हॉस्पिटलांत ते काम सायकोमेट्रिस्ट, म्हणजे प्रशिक्षित तंत्रज्ञ करतात. फेलोनं शिकायचं असतं ते आकड्यांचा अर्थ लावणं.

बहुतेक प्रोग्रॅममध्ये फेलोकडे आठवड्याला दोन ते चार रुग्ण येतात. एका रुग्णाला तासाभराची मुलाखत, तीन ते पाच तास चाचण्या, मग गुणांकन, रिपोर्ट आणि काही दिवसांनी रुग्ण व कुटुंबासोबत फीडबॅकची बैठक. मान्यताप्राप्त प्रोग्रॅममध्ये आठवड्याला किमान दोन तास वैयक्तिक सुपरव्हिजन बंधनकारक असतं. शिवाय एपिलेप्सी सर्जरी कॉन्फरन्स, ट्यूमर बोर्ड (ट्यूमरच्या केसेसवर तज्ज्ञांची एकत्र चर्चा), न्यूरोरेडिऑलॉजी राउंड, ब्रेन कटिंग (मृत्यूनंतर काढलेला मेंदू कापून तपासणं), जर्नल क्लब. दुसऱ्या वर्षी फेलो स्वतः इंटर्नना सुपरवाइज करतो आणि त्याचं ते सुपरव्हिजन वरची व्यक्ती तपासते.

ब्रेन कटिंग चुकवू नये. हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला लागणारा मेंदूचा भाग, हातात घेऊन पाहिला की एमआरआयच्या करोनल (समोरून दिसणाऱ्या उभ्या) छेदात तो आपोआप ओळखू येतो.

सुहास_दे

प्रसन्न, "आकड्यांचा अर्थ" म्हणजे काय ते एका उदाहरणानं सांगतो. शब्दयादीची चाचणी घ्या. १६ शब्द पाच वेळा वाचून दाखवतात, प्रत्येक वेळी आठवतील तेवढे सांगायचे. मग मध्ये दुसरी यादी येते. त्यानंतर पहिली यादी लगेच विचारतात आणि पुन्हा २० मिनिटांनी. शेवटी ओळख: हा शब्द यादीत होता की नव्हता?

पहिला रुग्ण: ५, ७, ८, ९, ९. दुसऱ्या यादीनंतर ३, वीस मिनिटांनी २. ओळखीत यादीतले शब्द निसटतात आणि यादीत नसलेल्या शब्दांनाही तो होकार देतो. म्हणजे शब्द आत शिरले, पण टिकले नाहीत. मीडियल टेम्पोरल भागाच्या (कानाजवळच्या टेम्पोरल लोबची आतली बाजू, जिथे हिप्पोकॅम्पस असतो) आजाराचं, उदाहरणार्थ अल्झायमरचं, चित्र असं दिसतं.

दुसरा रुग्ण: ४, ५, ५, ६, ७. दुसऱ्या यादीनंतर ६, वीस मिनिटांनी ६. ओळखीत १६ पैकी १५ बरोबर आणि चुकीचे होकार जवळजवळ नाहीत. त्यानं घेतलं थोडंच, पण घेतलेलं टिकलं. शोधून काढायला तेवढा त्रास होतो. इथे मी नैराश्य, झोपेचे विकार, औषधं, फ्रंटल-सबकॉर्टिकल (मेंदूचा पुढचा भाग आणि त्याला जोडलेले खोलवरचे भाग यांचे) आजार यांकडे बघेन.

पाच फेऱ्यांची बेरीज पाहिली तर पहिल्याची ३८ आणि दुसऱ्याची २७. फक्त बेरीज वाचणाऱ्याला दुसरा रुग्ण जास्त आजारी वाटेल! नवे फेलो सुरुवातीला ठेच खातात ती नेमकी इथे.

वसुधा

सुहास यांच्या उदाहरणाला एक पुरवणी. एका चाचणीवर निदान कधीच होत नाही. रोजचे व्यवहार कसे चालले आहेत, पैसे आणि औषधं कोण सांभाळतं, बदल कधीपासून आणि कोणत्या वेगानं झाला, हे घरच्यांकडून कळेपर्यंत आकडे अर्धेच असतात.

गिरीश_म

दुसरी ठेच: एखादा गुण कमी आला की "दोष सापडला" असं लिहून मोकळं होणं. सोळाव्या पर्सेंटाइलच्या खाली (शंभरातले साधारण सोळा जणच ज्याच्या खाली असतात), म्हणजे सरासरीपेक्षा एका प्रमाण विचलनाहून (स्टँडर्ड डेव्हिएशन) कमी, हा निकष लावला तर पूर्ण निरोगी माणसाच्या २० गुणांपैकी सरासरी तीन गुण त्या रेषेखाली पडणारच. हा निव्वळ गणिताचा भाग आहे. म्हणून एकटा गुण न बघता नमुना बघतात. एकाच क्षमतेच्या दोन-तीन चाचण्या एका दिशेला बोट दाखवतात का? आजाराच्या जागेशी ते जुळतं का?

वेगवेगळ्या मापपट्ट्याही डोक्यात पक्क्या हव्यात. स्टँडर्ड स्कोअरमध्ये सरासरी १०० आणि विचलन १५, टी-स्कोअरमध्ये ५० आणि १०, स्केल्ड स्कोअरमध्ये १० आणि ३. म्हणजे ८५, ४० आणि ७ हे तिन्ही एकाच ठिकाणी, सोळाव्या पर्सेंटाइलला येतात.

गुणांना नावं देण्यात पूर्वी फार गोंधळ होता. एकाच गुणाला एक जण "बॉर्डरलाइन" म्हणे, दुसरा "सौम्य दोष". २०२० मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजीनं एकसारखी लेबलं सुचवली: २५ ते ७४ पर्सेंटाइल सरासरी, ९ ते २४ लो ॲव्हरेज, २ ते ८ बिलो ॲव्हरेज, २ च्या खाली एक्सेप्शनली लो. "दोष" हा शब्द गुणाला लावायचा नाही. तो निष्कर्ष आहे आणि निष्कर्षाच्या परिच्छेदातच यावा.

सायली_आठ

रुग्ण मनापासून प्रयत्न करतोय की नाही हे कसं ठरवतात? अपघाताच्या दाव्यांत हा प्रश्न येतच असेल.

गिरीश_म

त्यासाठी परफॉर्मन्स व्हॅलिडिटी टेस्ट असतात. दिसायला अवघड, पण मेंदूला खरी इजा असलेल्यांनाही जमण्याजोग्या. स्वतंत्र चाचण्या असतात, शिवाय नेहमीच्या चाचण्यांत दडलेले निर्देशांकही असतात. एकाहून जास्त, आणि तपासणीच्या पूर्ण वेळात पसरून वापरतात. त्यांची नावं आणि कटऑफ मी इथे लिहिणार नाही आणि इतरांनीही लिहू नयेत ही विनंती. त्या उघड झाल्या की निकामी होतात आणि त्याचा फटका खऱ्या रुग्णालाच बसतो.

एवढं मात्र लक्षात असू द्या: ही चाचणी नापास झाली म्हणजे माणूस खोटारडा ठरत नाही. त्या दिवशीचे इतर गुण त्याची खरी क्षमता दाखवत नाहीत, एवढंच सिद्ध होतं. कारण वेदना असेल, झोप असेल, भीती असेल किंवा आर्थिक फायदाही असेल. ते वेगळं शोधावं लागतं.

मेघना_क

आता उपशाखांकडे येऊ. एपिलेप्सी सर्जरीबद्दल कुणी सविस्तर लिहील का? फेलोशिप निवडताना सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते.

अनिरुद्ध_व

लिहितो. औषधांनी फिट्स थांबत नसतील आणि त्या एका टेम्पोरल लोबमधून उठत असतील, तर तो भाग काढण्याचा विचार होतो. न्यूरोसायकॉलॉजिस्टपुढे दोन प्रश्न असतात. चाचण्यांचा नमुना त्याच बाजूकडे बोट दाखवतो का? आणि काढल्यावर रुग्ण काय गमावेल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नवख्याला उलटं वाटतं. डावा हिप्पोकॅम्पस एमआरआयवर आक्रसलेला आणि शाब्दिक स्मृती आधीच कमी, तर गमावण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. हिप्पोकॅम्पस धडधाकट दिसतोय आणि स्मृतीही चांगली आहे, तर धोका सर्वात जास्त, कारण चालू स्थितीतलं यंत्र आपण काढणार आहोत. डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर वस्तूंची नावं आठवणंही घसरू शकतं.

स्मृतीची धास्ती कुठून आली, तर १९५३ मध्ये हेन्री मोलेसनच्या दोन्ही बाजूंचे मीडियल टेम्पोरल भाग काढले आणि त्याची नवी आठवण साठवण्याची क्षमता गेली. १९५७ मध्ये स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांनी ते मांडलं. तेव्हापासून "उरलेली बाजू एकटी स्मृती सांभाळेल का" हा प्रश्न शस्त्रक्रियेआधी विचारला जातो.

त्यासाठीच वाडा टेस्ट (वाडा हे डॉक्टरचं आडनाव). जांघेतल्या धमनीतून कॅथेटर घालून एका बाजूच्या इंटर्नल कॅरोटिडमध्ये (मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी) भूल देणारं औषध सोडतात, मूळ पद्धतीत अमोबार्बिटल. विरुद्ध बाजूचा हात गळून पडतो आणि मेंदूचा तो अर्धा भाग काही मिनिटं झोपतो. तेवढ्या वेळात भाषा तपासायची, वस्तू दाखवायच्या आणि औषध उतरल्यावर कोणत्या पाहिल्या ते विचारायचं. घड्याळ, हाताची ताकद, ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख), रुग्णाचं बोलणं, सगळ्यावर एकाच वेळी नजर ठेवावी लागते.

चुकतं कुठे? रुग्ण गुंगीत गेला तर त्यानं वस्तू पाहिल्याच नाहीत, मग "आठवत नाही" याला अर्थ राहत नाही. दोन बाजू जोडणाऱ्या अँटीरियर कम्युनिकेटिंग धमनीतून औषध पलीकडे गेलं तर दोन्ही बाजू मंदावतात. आणि हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागाला रक्त पोस्टीरियर सेरेब्रल या वेगळ्या धमनीकडून मिळतं, त्यामुळे कॅरोटिडमधलं औषध तिथे पूर्ण पोचतच नाही.

वसुधा

वाडाचं एवढं सविस्तर वर्णन वाचून नवीन मुलांचा समज होईल की ती रोजची गोष्ट आहे. भाषेची बाजू ठरवायला आता बहुतेक ठिकाणी फंक्शनल एमआरआय (काम करताना मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो ते दाखवणारा स्कॅन) वापरतात. फेलोशिप निवडताना "वाडा शिकायला मिळेल का" यावर अडून बसू नये.

अनिरुद्ध_व

भाषेपुरतं मान्य. स्मृतीच्या बाबतीत फंक्शनल एमआरआयवर तेवढा भरवसा टाकता येत नाही, म्हणून निवडक रुग्णांत वाडा अजून होते. शिवाय ती एकदा पाहिली की बाजू, रक्तपुरवठा आणि कार्य यांची सांगड कायमची बसते. पण प्रोग्रॅम निवडण्याचा निकष म्हणून नको, हे बरोबर.

जागेपणी केलेली क्रेनिओटॉमी मात्र जरूर बघावी. त्यात कवटी उघडून, रुग्णाला जागं ठेवून, मेंदूला जागोजागी सौम्य वीज देतात आणि भाषेच्या जागा शोधतात. आदल्या दिवशी फेलो रुग्णाला चित्रं दाखवतो. जी चटकन ओळखता आली नाहीत ती बाद. त्याला ओळखताच न येणारं चित्र ऑपरेशन टेबलावर दाखवलं, तर चूक विजेमुळे झाली की मुळातच येत नव्हतं हे कळणार कसं? उत्तर पूर्ण वाक्यात घ्यायचं: "हे आहे... कात्री." सर्जन बायपोलर प्रोब (वीज देणारी दोन टोकांची कांडी) टेकवतो आणि चित्र येतं. रुग्ण "हे आहे" म्हणाला आणि पुढे अडला, तर नाव अडलं. "हे आहे" सुद्धा निघालं नाही, तर बोलण्याची स्नायूंची क्रियाच थांबली असू शकते. दोन्हींचा अर्थ वेगळा. एकाच जागी लागोपाठ दोनदा स्टिम्युलेशन देत नाहीत. तीनपैकी दोनदा चूक झाली तरच जागा महत्त्वाची मानून चिठ्ठी ठेवतात. ईसीओजीवर (थेट मेंदूवरून घेतलेला विजेचा आलेख) आफ्टर-डिस्चार्ज, म्हणजे वीज थांबल्यावरही चालू राहिलेल्या लहरी, दिसत असताना झालेली चूक मोजत नाहीत. फिट आलीच तर मेंदूवर थंड सलाइन ओततात.

या सगळ्यात फेलोनं स्पष्ट, मोठ्यानं आणि लगेच सांगायचं: "बरोबर", "अडला", "दुसराच शब्द". सर्जनला चेहरा दिसत नाही, फेलोला दिसतो.

सायली_आठ

रुग्ण दोन भाषा बोलणारा असेल तर?

अनिरुद्ध_व

दोन्ही भाषांत मॅपिंग करतात. दोन भाषांच्या काही जागा एकच असतात, काही वेगळ्या. आदल्या दिवशीची चित्रंही दोन्ही भाषांत तपासून घ्यायची.

सुहास_दे

भाषेचा विषय निघालाच आहे तर मराठी मातृभाषेच्या रुग्णांबद्दल लिहायलाच हवं. अमेरिकेतल्या क्लिनिकमध्ये असे ज्येष्ठ येतात आणि इंग्रजीतली बॅटरी (चाचण्यांचा संच) शब्दशः भाषांतर करून चालवली की निकाल बिघडतो. कारणं नेमकी आहेत.

अक्षरावरून शब्द सांगण्याची चाचणी घ्या: एका मिनिटात अमुक अक्षरानं सुरू होणारे शब्द. मराठीत "क" म्हटल्यावर किल्ला, कुत्रा, क्रम चालतील का? बाराखडी आणि जोडाक्षरं धरायची की नाही हे आधी ठरवलं नाही तर एक जण फक्त "कमळ, कपाट" शोधत बसतो आणि दुसरा सरसकट सगळे सांगतो. दोघांच्या गुणांची तुलना होत नाही. प्राणी किंवा भाज्या सांगायला लावणं त्यामानानं सुरक्षित.

आजारापूर्वीची पातळी अंदाजायला इंग्रजीत विचित्र स्पेलिंगचे शब्द वाचून घेतात, कारण ते वाचन डिमेन्शियाच्या सुरुवातीला टिकून राहतं. मराठी बहुतांशी जशी लिहितो तशीच वाचली जाते, त्यामुळे तशी चाचणी मराठीत रचणंच कठीण. आणि इंग्रजी दुसरी भाषा असणाऱ्याचा अंदाज इंग्रजी वाचनावरून खाली घसरतो. तिथे शिक्षण आणि कामाचा इतिहास जास्त खात्रीचा.

शंभरातून सात-सात वजा करणं: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. हे शब्द उच्चारायलाच जड आहेत, आणि वजाबाकी मनात कोणत्या भाषेत होते ते शाळेच्या माध्यमावर अवलंबून. विचारून घ्या.

आकडे आणि इंग्रजी अक्षरं आलटून पालटून जोडण्याच्या चाचणीत ए-बी-सी जिभेवर नसलेल्याचा वेळ निव्वळ त्यामुळेच वाढतो.

दुभाष्या हवा तो व्यावसायिक. मुलगा किंवा सून नको. त्याला आधी बसवून सांगायचं: सूचना सौम्य करू नका, सुचवू नका, आणि रुग्ण चुकीचा शब्द बोलला तर तो सुधारून सांगू नका. "चमच्या"ला तो "ढवळायचं ते" म्हणाला, तर ती चूक तशीच्या तशी आमच्यापर्यंत पोचायला हवी. दुभाषी सवयीनं नीटस वाक्य करून देतो आणि निदानाचा धागाच तुटतो.

गिरीश_म

सुहास, हे सगळ्यांनी जपून ठेवावं असं आहे. तुलनेचा गट कोणता, हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला होता. एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीग) कन्कशन, म्हणजे डोक्याला बसलेल्या माराच्या, भरपाईत कृष्णवर्णीय खेळाडूंना वंशानुसार वेगळे नॉर्म (तुलनेच्या गटाचे प्रमाण गुण) लावले जात. त्यामुळे त्यांची सुरुवातीची पातळी कमी धरली जाऊन घसरण लहान दिसे. २०२२ मध्ये ती पद्धत बंद करणाऱ्या दुरुस्तीला न्यायालयानं मंजुरी दिली. कोणते नॉर्म वापरले आणि का, हे रिपोर्टमध्ये लिहायची सवय फेलोशिपमध्येच लागली पाहिजे.

प्रसन्न_जो

पार्किन्सनच्या डीबीएसमध्ये (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया) न्यूरोसायकॉलॉजिस्टचं काम काय?

वसुधा

शस्त्रक्रियेआधीची तपासणी. डिमेन्शिया असेल तर सहसा पुढे जात नाहीत. चाचण्या औषध चालू असताना, "ऑन" अवस्थेत घ्यायच्या. नाहीतर हातांचा मंदपणा विचारांच्या मंदपणात मोजला जातो. म्हणून गोळीची वेळ आणि चाचणीची वेळ दोन्ही नोंदवायच्या. औदासीन्य, नैराश्य, जुगार-खरेदीसारखे आवेग विचारायचे, तेही जोडीदाराला वेगळं बसवून.

सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मेंदूतल्या खोलवरच्या जागी केलेल्या डीबीएसनंतर सगळ्यात सातत्यानं दिसणारा परिणाम म्हणजे शब्द भराभर सुचणं कमी होणं. शिकवणं किंवा वकिली करणाऱ्याला ते आधी सांगितलंच पाहिजे. आणखी एक गोष्ट फीडबॅकमध्ये निघते: कंप थांबेल ही अपेक्षा रास्त असते, पण "पूर्वीसारखी आठवण राहील" ही अपेक्षा घेऊन आलेला रुग्ण नंतर निराश होतो.

मेघना_क

लहान मुलांचं मी लिहिते, थोडक्यात. ल्युकेमियासाठी मेथोट्रेक्सेट किंवा डोक्याला रेडिएशन मिळालेल्या मुलांत व्हाइट मॅटरला (मेंदूचे भाग जोडणारे तंतू) इजा होऊन वेग, लक्ष आणि वर्किंग मेमरी (माहिती क्षणभर मनात धरून वापरण्याची क्षमता) मागे पडते. उपचार संपताना गुण ठीक असतात आणि काही वर्षांनी घसरतात. मूल शिकलेलं विसरत नाही, बरोबरीची मुलं जास्त वेगानं पुढे जातात आणि वयानुसार काढलेला गुण खाली येतो. कच्चे गुण आणि स्टँडर्ड स्कोअर शेजारी ठेवून हे पालकांना दाखवावं लागतं, नाहीतर ते "मेंदू खराब होत चाललाय" असं समजतात. म्हणून एकदाची तपासणी पुरत नाही. शाळेचे टप्पे बदलताना ती पुन्हा करायची, आणि शिफारस अशी लिहायची की शिक्षिकेला उद्या सकाळी वापरता येईल: "लक्ष कमी आहे" ऐवजी "फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावू नका, छापील प्रत द्या, परीक्षेला दीडपट वेळ द्या".

मुलांचं काम करायचं असेल तर पहिल्यापासून पीडिॲट्रिक ट्रॅकच घ्यावा. मोठ्यांच्या फेलोशिपमधल्या दोन महिन्यांच्या रोटेशननं ते येत नाही.

गिरीश_म

बोर्डाबद्दल राहिलं. आधी कागदपत्रांची छाननी, मग १२५ प्रश्नांची लेखी, मग स्वतःच्या दोन केसेस पाठवायच्या आणि शेवटी तोंडी. तोंडीत त्या केसेसचं समर्थन, नीतिमत्तेचा भाग आणि फॅक्ट-फाइंडिंग असतं. फॅक्ट-फाइंडिंगमध्ये दोन ओळींची माहिती देतात: वय, तक्रार, कुणी पाठवलं. बाकी सगळं आपण विचारून काढायचं. जे विचारलं नाही ते मिळत नाही. मद्यपान विचारायचं विसरलात तर ती माहिती खोलीतच राहते. चांगले प्रोग्रॅम याचा सराव नियमित घेतात. त्यातून रोजची मुलाखतही सुधारते.

अनिरुद्ध_व

मुलाखतीत प्रोग्रॅमला विचारायचे प्रश्न माझ्या मते हे: फेलो स्वतः किती तास चाचण्या घेतो? दुसऱ्या वर्षीही बहुतेक वेळ चाचण्या घेण्यातच जात असेल तर तो स्वस्तातला तंत्रज्ञ म्हणून वापरला जातोय. रिपोर्ट किती दिवसांत जावा लागतो? सुपरवायझर रुग्णाला प्रत्यक्ष भेटतो का? फेलो सर्जिकल कॉन्फरन्समध्ये स्वतः केस मांडतो का? मागचे फेलो बोर्ड झाले का?

सायली_आठ

आणि व्हिसा?

मेघना_क

विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर काम करायची परवानगी, म्हणजे सामान्य ओपीटी, बारा महिन्यांची असते आणि फेलोशिप दोन वर्षांची. इंटर्नशिपसाठी ती वापरून बसलात तर फेलोशिपला उरत नाही, म्हणून इंटर्नशिप सीपीटीवर (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळणारी कामाची परवानगी) होईल का ते विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला आधी विचारा. दुसऱ्या वर्षासाठी हॉस्पिटल व्हिसा स्पॉन्सर करतं का, हे अर्ज करण्यापूर्वीच ईमेलनं लेखी विचारून घ्या. व्हेटरन्स अफेअर्सच्या (माजी सैनिकांसाठीच्या सरकारी) हॉस्पिटलांना अमेरिकन नागरिकत्व लागतं, तिथे अर्जाचा खर्च करू नका. आणि डॉक्टरेट व इंटर्नशिप पूर्ण झाल्याशिवाय फेलो म्हणून रुजू होता येत नाही, तेव्हा प्रबंधाची तारीख जुलै-सप्टेंबरच्या सुरुवातीशी जुळवून घ्या. मॅच मिळाल्यावर प्रबंध लांबला तर जागा धोक्यात येते.

सुहास_दे

रिपोर्टबद्दल एक गोष्ट राहिली. सर्जन पहिलं पान वाचतो. म्हणून संदर्भाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर पहिल्या परिच्छेदात हवं: "डाव्या टेम्पोरल भागाशी सुसंगत नमुना. शाब्दिक स्मृती सध्या सरासरी, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर ती घसरण्याचा धोका लक्षणीय." आकड्यांचा तक्ता शेवटी. रुग्णालाही रिपोर्ट पोर्टलवर दिसतो, तेव्हा जे वाक्य त्याच्यासमोर बसून म्हणता येणार नाही ते लिहू नये.